डोमेन नाव कसं निवडावं : नाशिकच्या छोट्या व्यावसायिकांसाठी

वेबसाइट काढायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो : नावात ‘नाशिक’ आणि मालाचं नाव घातलं की गुगलवर वर येऊ का? ‘बेस्ट मिसळ इन नाशिक’ अशा थाटाची डोमेनं, म्हणजे साइटच्या पत्त्यातली नावं, त्यातूनच निघतात. एकेकाळी त्याचा फायदा व्हायचा. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने एक बदल केला आणि लोक जे शब्द शोधतात तेच जसेच्या तसे नावात घातलेल्या, पण आत दम नसलेल्या साइट खाली ढकलल्या. आज गुगलच्याच मार्गदर्शिकेत लिहिलं आहे की डोमेनमधल्या शब्दांचा क्रमवारीवर जवळजवळ परिणाम होत नाही.

तरीही नाव नीट निवडायचं, कारण त्याचा फायदा माणसांमार्फत होतो. नाव लक्षात राहिलं तर गिऱ्हाईक तुम्हालाच पुन्हा शोधतं, दुसऱ्याला सांगतं, कुणी आपल्या साइटवर तुमची लिंक देतं. शोधाच्या निकालांत दहा नावं दिसत असताना कुठे क्लिक करायचं, हेही लोक नाव बघून ठरवतात.

समजा, निफाडला तुमचा बेदाण्याचा व्यवसाय आहे. आधी कागदावर सुचतील ती नावं लिहा : दुकानाचं, मळ्याचं, मालाचं. मग एकेक नाव फोनवर एखाद्या नातेवाइकाला फक्त तोंडी सांगा आणि टाइप करायला लावा. स्पेलिंग सांगायचं नाही. त्याने पहिल्याच फटक्यात बरोबर टाइप केलं तर नाव ठेवा, अडला तर खोडा.

मराठी नावांची खरी गोम इथेच असते. ‘द्राक्ष’च्या शेवटी ‘ए’ लावायचा की नाही? ‘वाडा’ व्हीने लिहायचा की डब्ल्यूने? ‘मळा’तल्या ‘ळ’साठी तर इंग्रजीत अक्षरच नाही, त्यामुळे ‘मळा’ आणि ‘माला’ टाइप करताना एकच होतात. खुद्द नाशिकचं स्पेलिंगही दोन तऱ्हांनी चालतं, एचसकट आणि एचशिवाय. शहराचं नाव घालणारच असाल तर एचवालं मुख्य ठेवा, दुसरंही विकत घ्या आणि ते पहिल्याकडे वळवा. डॅश, आकडे आणि जोडाक्षरांची गर्दी टाळा. डॅशमुळे गुगलला शब्द वेगळे कळतात हे खरं, पण फोनवर सांगताना तो हमखास निसटतो.

शहराचं नाव घालावं का? गिऱ्हाईक पंचवटी, सिडको, सातपूरचंच असेल तर खुशाल घाला. उद्या पुण्या-मुंबईला माल पाठवायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे : घालू नका. ‘जवळचं दुकान’ शोधणाऱ्यांना तुम्ही दिसता ते गुगल बिझनेस प्रोफाइलमुळे, म्हणजे गुगल आणि गुगल मॅप्सवरच्या तुमच्या व्यवसायाच्या नोंदीमुळे. तिथे शोधाशी जुळणी, अंतर आणि ठळकपणा (म्हणजे व्यवसाय किती नावाजलेला आहे) यांना महत्त्व असतं. सिंहस्थासाठी लॉज किंवा टॅक्सीची साइट काढणाऱ्यांनी नावात ‘२०२७’ घालू नये. सिंहस्थ संपला की नाव शिळं होईल आणि मधल्या काळात मिळालेल्या लिंका त्या शिळ्या नावालाच चिकटून राहतील.

नावाची शेपटी, म्हणजे शेवटचा ‘डॉट’नंतरचा भाग, कोणती घ्यावी? ‘डॉट इन’ हे भारताचं डोमेन आहे आणि साइट भारतातल्या लोकांसाठी आहे, हे गुगलला त्यावरून कळतं. द्राक्षं किंवा बेदाणे परदेशी पाठवत असाल तर ‘डॉट कॉम’ बरं. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २०१४पासून मिळतं आणि गुगलला ते चालतं. पण काही ठिकाणी कॉपी-पेस्ट केलं की ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत बदलतं, म्हणून ते जोडीला ठेवा.

पैसे भरण्याआधी नावाचा पूर्वेतिहास तपासाच. वेबॅक मशीनवर, म्हणजे साइटची जुनी रूपं जपून ठेवणाऱ्या साइटवर, ते नाव टाका. तिथे पूर्वी जुगाराची किंवा बनावट औषधांची साइट दिसली तर सोडून द्या, कारण जुन्या वाईट लिंकांचं ओझं तुमच्या माथी येऊ शकतं. भारत सरकारच्या ट्रेडमार्क शोधातही एकदा बघा. दुसऱ्याचा नोंदणीकृत ब्रँड नावात आला तर डोमेन हातचं जाऊ शकतं.

खरेदी करताना पहिल्या वर्षाच्या सवलतीवर जाऊ नका, दुसऱ्या वर्षाचा नूतनीकरणाचा दर बघा. नोंदणी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या ईमेलवरून करा, साइट बनवणाऱ्या मुलाच्या नव्हे. तो नोकरी बदलून गेला आणि मुदत संपल्याचा मेल त्याच्याकडेच गेला तर वर्षानुवर्षांची कमाई एका दिवसात बंद पडते. ऑटो-रिन्यू, म्हणजे आपोआप नूतनीकरण, सुरू ठेवा. दहा वर्षांचे पैसे एकदम भरल्याने क्रमवारी मात्र सुधारत नाही.

जुनं नाव बदलायचंच असेल तर जुन्या साइटचं प्रत्येक पान नव्या साइटवरच्या त्याच पानाकडे ३०१ रीडायरेक्टने (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून आपोआप पुढे पाठवण्याच्या सोयीने) वळवा, सगळी पानं मुख्यपानावर लोटू नका. गुगलच्या सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात पत्ता बदलल्याचं कळवा आणि जुनं डोमेन निदान वर्षभर तरी सोडू नका.