ड्रुपलचं स्वतः लिहिलेलं मॉड्यूल लाइव्ह साइटवर कसं चढवावं

ड्रुपल म्हणजे वेबसाइट चालवणारं सॉफ्टवेअर, आणि मॉड्यूल म्हणजे त्याला जोडायचा जादा भाग. मॉड्यूलचा कोड सर्व्हरवर नेऊन ठेवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. घोळ होतो तो सेटिंगमुळे, कारण ड्रुपल ती डेटाबेसमध्ये ठेवतं आणि डेटाबेस काही गिटमधून (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनातून) जात नाही. म्हणून दिशा आधीच ठरवून टाका: कोड आणि कॉन्फिगरेशन (म्हणजे ही सेटिंग) लोकलवरून, म्हणजे आपल्या संगणकावरच्या प्रतीवरून, लाइव्हकडे जाणार; मजकूर, युजर आणि अपलोड झालेल्या फाइली लाइव्हवरून लोकलकडे येणार.

१. लोकलवरची तयारी

मॉड्यूल ‘मॉड्यूल्स’ फोल्डरच्या आत ‘कस्टम’मध्ये असू द्या. त्याच्या इन्फो फाइलमध्ये ते ड्रुपलच्या कोणत्या आवृत्त्यांवर चालतं ते लिहिलेलं असावं. ड्रुपल ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची सर्व्हरवरची आवृत्तीही पाहून घ्या. ड्रुपल ११ ला किमान ८.३ लागतं.

मॉड्यूल आधीपासून लाइव्हवर असेल आणि नव्या आवृत्तीत टेबल बदललं असेल, तर इन्स्टॉल फाइलमध्ये नव्या क्रमांकाचं अपडेट फंक्शन लिहा. एकदा चाललेलं फंक्शन ड्रुपल पुन्हा चालवत नाही, त्यामुळे जुन्यातच दुरुस्ती करून उपयोग नाही. ‘कॉन्फिग’मधल्या ‘इन्स्टॉल’ फोल्डरचंही तसंच. तिथल्या फाइली फक्त मॉड्यूल बसवताना वाचल्या जातात. नंतर त्यात कितीही बदल करा, लाइव्हवर काही हलणार नाही, आणि आपण मात्र कॅश (वेगासाठी साठवलेल्या तात्पुरत्या प्रती) साफ करत बसतो.

लोकलवर मॉड्यूल चालू करून ‘ड्रश कॉन्फिग एक्स्पोर्ट’ द्या. ड्रश हे ड्रुपलला कमांड देण्याचं साधन; या कमांडने डेटाबेसमधली सेटिंग फाइलींमध्ये उतरते आणि त्या फाइली गिटमधून जातात. कोणती मॉड्यूल चालू आहेत ती यादीही या एक्स्पोर्टमध्ये येते, त्यामुळे लाइव्हवर हाताने चालू करायची गरज उरत नाही. पण त्याच वाटेने डेव्हलपमेंटची मॉड्यूलंही लाइव्हवर पोहोचतात. गिटचा फरक ओळ न ओळ वाचा, मगच कमिट करा (गिटमध्ये नोंदवा).

२. लाइव्हला हात लावण्याआधी

नवा कोड आणण्यापूर्वी लाइव्हवर ‘ड्रश कॉन्फिग स्टेटस’ चालवा. ही पायरी घाईत हमखास गाळली जाते. या क्षणी लाइव्हची सेटिंग आणि एक्स्पोर्टच्या फाइली यांत दिसणारा फरक म्हणजे कुणीतरी परस्पर लाइव्हवर केलेला बदल: संपर्क फॉर्मचा ईमेल पत्ता, एखादा हलवलेला ब्लॉक. इम्पोर्ट (फाइलींमधली सेटिंग लाइव्हच्या डेटाबेसमध्ये भरणं) तो निमूटपणे पुसून टाकेल आणि चार दिवसांनी ‘आमच्या मेल येत नाहीत’ म्हणून फोन येईल. बदल हवा असेल तर तो आधी लोकलवर घ्या आणि पुन्हा एक्स्पोर्ट करा.

मग मेंटेनन्स मोड (साइट पाहुण्यांसाठी तात्पुरती बंद) लावा आणि ‘ड्रश एसक्यूएल डंप’ने डेटाबेसची प्रत काढा. ती फाइल ब्राउझरमधून उघडता येईल अशा फोल्डरात ठेवू नका.

३. चढवणं

गिटमधून टॅग (ठरावीक आवृत्तीची खूण) लावलेला कोड ओढा. नंतर ‘कंपोझर इन्स्टॉल’, ‘नो-डेव्ह’ पर्यायासह. कंपोझर साइटला लागणारी पॅकेजेस आणतं, आणि हा पर्याय त्यातली डेव्हलपमेंटची वगळतो. लाइव्हवर ‘कंपोझर अपडेट’ कधीही नको. तपासलेल्या आवृत्त्या सोडून ते भलत्याच आणू शकतं. त्यानंतर ‘ड्रश डिप्लॉय’: डेटाबेस अपडेट, कॉन्फिग इम्पोर्ट, कॅशची पुनर्बांधणी आणि डिप्लॉय हुक (सगळ्यात शेवटी चालणारी फंक्शनं) या एकाच कमांडमध्ये योग्य क्रमाने होतात.

इतकं करूनही जुनाच कोड चालतोय असं वाटलं, तर संशय ओपकॅशवर (पीएचपी कोडची मेमरीत ठेवलेली तयार प्रत) घ्या. ड्रशने कॅश साफ केली तरी वेब सर्व्हरमागच्या पीएचपीची ओपकॅश तशीच राहते. पीएचपी-एफपीएम (वेब सर्व्हरसाठी पीएचपी चालवणारी सेवा) रीलोड करावं लागतं.

४. तपासणी आणि माघार

मेंटेनन्स मोड काढा. लॉगिन न केलेल्या खिडकीत साइट पाहा, कारण अॅडमिनला मेंटेनन्समध्येही साइट दिसत असते आणि त्यावरून फसगत होते. स्टेटस रिपोर्ट आणि ‘ड्रश वॉचडॉग शो’मधल्या लॉगच्या नोंदीही पाहून घ्या.

साइट कोलमडलीच, तर नुसता जुना टॅग आणून भागत नाही. अपडेट फंक्शनने बदललेलं टेबल गिट मागे नेत नाही. जुन्या कोडसोबत मघाचा डंपही परत भरावा लागतो. मधल्या काळात आलेल्या नोंदी त्यात गमावल्या जातात, म्हणून हे सगळं कमी वर्दळीच्या वेळी करा. शुक्रवारी संध्याकाळी मात्र नको.

मॉड्यूल कायमचं काढायचं असेल तेव्हा दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत ते फक्त अनइन्स्टॉल होऊ द्या, कारण स्वतःची टेबलं आणि सेटिंग आवरायला ड्रुपलला त्याचा कोड जागेवर लागतो. फोल्डर गिटमधून उडवायचं ते दुसऱ्या फेरीत.