बोटीवर एचआयव्हीचं बोलायचं तर आधी तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, गाठा

हर्णै बंदरात खलाशांशी बोलताना मी आजाराचं नाव आधी काढत नाही. जाळं सांधणाऱ्याच्या शेजारी बसतो आणि विचारतो, "अंगाचं काही दुखलं-खुपलं तर पहिलं कोणाला सांगतोस?" उत्तर बहुधा बोटीवरच्याच कोणाचं तरी असतं. मग धोका किती, हेही तोच ठरवतो.

एक पोरगा सुतळीला गाठ मारत मला म्हणाला, "आमच्यात कोणाला नाय झाला, भाऊ." त्याच्यावर चिडू नका. ज्याला झालाय तो भीतीने गप्प बसतो, म्हणून बाकीच्यांना वाटतं आपल्यात नाहीच. हे त्याला शांतपणे सांगा. चेहऱ्यावरून, तब्येतीवरून एचआयव्ही ओळखता येत नाही, बऱ्याच जणांना वर्षानुवर्षं काही त्रासही होत नाही, हेही सांगा.

तांडेलाशी मात्र वेगळं, निवांत बोला. त्याने 'मी तपासून आलो' म्हटलं की अख्खी बोट ऐकते. पण कोणाचा रिपोर्ट काय, हे त्यालाही विचारू देऊ नका. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती माहिती गुप्त आहे.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत दोघा-तिघांना मिळून सरकारी रुग्णालयात न्या, तपासणी फुकट होते. संबंध नुकताच आला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला लावा. बहात्तर तासांच्या आत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, संसर्ग टाळायच्या गोळ्या मिळू शकतात. शंका असल्यास 1097 वर फोन करा.