गावाहून काम करायचंय? नेट घेण्याआधीची तयारी

कोकणातल्या गावात राहून पुण्या-मुंबईच्या, अगदी अमेरिकेच्या कंपनीचं काम करता येतं आणि जमेल त्याने ते करावं. त्यामुळे कुलूप लागलेली घरं उघडतात, म्हाताऱ्या आईबापांना सोबत होते. पण नेट घेताना ‘किती एमबीपीएस?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. ‘वायर तुटली तर जोडायला कोण येणार आणि कुठून येणार?’ हे आधी विचारा. गावातलं नेट वेगापायी फारसं अडत नाही. ते अडतं खांब पडला म्हणून, फांदी कोसळली म्हणून आणि माणूस आला नाही म्हणून.

चौकशीची सुरुवात कंपनीच्या जाहिरातीपासून न करता वाडीतूनच करा. ज्यांचा धंदा नेटवर चालतो त्यांच्याकडे जा: ग्रामपंचायतीतला संगणक ऑपरेटर, पतसंस्थेची शाखा, मेडिकलवाला, सेवा केंद्र चालवणारा. ‘नेट कसं आहे?’ असं विचारलंत तर ‘बरं आहे’ एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा की गेल्या जुलैत सलग जास्तीत जास्त किती दिवस बंद होतं, आणि तेव्हा फोन कोणाला केला. दोन-तीन जणांनी एकाच माणसाचं नाव घेतलं तर त्या माणसाला भेटा. त्याच्याकडे स्वतःचं स्प्लाइसिंग मशीन आहे की तालुक्याहून मागवावं लागतं, हेही विचारून घ्या. फायबर, म्हणजे आतून प्रकाश नेणारी काचेची बारीक तार, तुटली की ती या मशीननेच नीट जोडता येते. मशीन गावात असेल तर दुपारी तुटलेली लाईन संध्याकाळी चालू होते. ते जिल्ह्याच्या गावी असेल तर दोन-तीन दिवस धरून चाला. प्लॅन शंभर-दोनशे रुपयांनी महाग पडला तरी मी जवळच्या माणसाची लाईन घेईन. बीएसएनएलची फायबरसुद्धा बऱ्याच गावांत स्थानिक भागीदारच ओढून देतो, त्यामुळे एकाच कंपनीचा अनुभव शेजारच्या गावात अगदी वेगळा असू शकतो.

मग त्या माणसाबरोबर लाईनचा रस्ता चालून बघा. तुमच्या घरापर्यंत केबल विजेच्या खांबांवरून येते की नारळी-पोफळींना बांधत बांधत? वाटेत वाळकं आंब्याचं झाड, कलंडलेला खांब, माकडांचा नेहमीचा वावर आहे का? माकडं केबलला लोंबकळतात आणि ती खेचली जाते. कोकणात हे रोजचंच आहे. आगोटीची कामं करताना घराची कौलं चाळता, तसंच केबलवर येणाऱ्या फांद्या मे महिन्यातच तोडून घ्या. रस्त्याचं काम चालू असेल तर जेसीबीचा धोका वेगळा. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणात आसपासच्या गावांनी तो पुरेपूर भोगला आहे. खोदणाऱ्याने आधी केबलवाल्या कंपन्यांना कळवावं म्हणून सरकारने मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. वाडीत पाण्याच्या पाइपासाठी चर खणायला कोणी आलं, तर ठेकेदाराला त्याची आठवण जरूर करून द्या आणि केबल कुठून गेली आहे ते स्वतः उभं राहून दाखवा.

पुढचा प्रश्न लोक विचारतच नाहीत, पण त्यावरच बरंच काही ठरतं: लाईट गेल्यावर समोरच्या टोकाला काय होतं? खऱ्या फायबरच्या जोडणीत ऑपरेटरच्या मशीनपासून तुमच्या घरापर्यंत मध्ये कुठेही वीज लागत नाही, वाटेतले स्प्लिटर, म्हणजे एका फायबरच्या अनेक शाखा करणारे डबे, विजेविना चालतात. म्हणजे दोनच ठिकाणी वीज हवी, तुमच्या घरी आणि ऑपरेटरकडे. ऑपरेटरच्या बॅटऱ्या किती तास टिकतात आणि जनरेटर आहे का, हे स्पष्ट विचारा. काही ठिकाणी फायबर फक्त नाक्यापर्यंत येते आणि पुढे कोणाच्या तरी पडवीत स्विच (नेट पुढे वाटणारी, विजेवर चालणारी पेटी) ठेवून साधी लॅन केबल ओढलेली असते. मग त्या घरची लाईट गेली की तुमचंही नेट गेलं. अशी जोडणी कामासाठी घेऊ नका.

आता वेग. एका व्हिडिओ कॉलला, चित्र अगदी स्वच्छ हवं असलं तरी, तीन-चार एमबीपीएस पुरतात. घरात दोघं काम करणारे आणि एक टीव्ही धरला तरी 50 ते 100 एमबीपीएस भरपूर झाले. पाहायचा तो अपलोडचा आकडा, कारण तुमचा चेहरा, आवाज आणि फायली त्याच वाटेने जातात. प्लॅनवर 100 लिहिलेलं असतं आणि अपलोड 10 निघतो, असं होतं. एक जीबीची फाईल 10 च्या वेगाने चढवायला तेरा-चौदा मिनिटं लागतात, 100 असेल तर दीड मिनिटाच्या आत काम होतं. शेजाऱ्याकडे तीच लाईन असेल तर रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, सगळी वाडी टीव्ही-मोबाइलवर असताना, त्याच्याकडे वेग तपासा. सकाळी अकराचा आकडा काही कामाचा नाही. आणि न्यूयॉर्कच्या वेळेत काम करणाऱ्यांचा दिवस इथल्या संध्याकाळी साडेसहा-साडेसातलाच सुरू होतो. गर्दीची वेळ तीच त्यांच्या मीटिंगची, आणि त्यानंतर काही तुटलं तर उजाडेपर्यंत खांबावर कोणी चढणार नाही.

जोडणीच्या दिवशी घाई करू नका. माणूस पॉवर मीटर लावून सिग्नल बघतो, तो आकडा तुम्हीही बघा आणि लिहून ठेवा. तो वजा चिन्हात असतो. वजा 20 च्या आसपास असेल तर उत्तम. वजा 25 च्या पलीकडे असेल तर जोड पुन्हा करायला सांगा, कारण वजा 27 ही साधारण शेवटची हद्द आणि पावसात जोडाच्या डब्यात पाणी शिरलं की सिग्नल आणखी पडतो. केबल घरात येते तिथे बाहेरच्या बाजूला खाली झोळ ठेवून घ्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकेल, भोकातून आत येणार नाही. आतली पिवळी किंवा पांढरी बारीक वायर खिळ्याभोवती करकचून वळवू देऊ नका, तीव्र वळणावर प्रकाश गळतो. घरात फायबर जिला जोडतात त्या मोडेमच्या पेटीवर ‘लॉस’ म्हणजे एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकला तर फायबर तुटली किंवा निसटली आहे. तो बंद आहे आणि तरी नेट नाही, तर गडबड ऑपरेटरकडे किंवा राउटरमध्ये. हे फोनवर नीट सांगता आलं तर माणूस योग्य सामान घेऊन येतो.

पेटी कुठे बसवायची, ते काम करण्याची जागा ठरवून मगच सांगा. जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफाय फार पुढे जात नाही, त्यातही 5 गिगाहर्ट्झचं एका भिंतीतच थकतं. ओटीवर राउटर आणि माजघरापलीकडच्या खोलीत लॅपटॉप, हे जमणार नाही. कामाच्या टेबलापर्यंत लॅन केबल ओढा. खर्च थोडा, पण कॉल अडखळण्याच्या अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

घरच्या विजेसाठी राउटरपुरता छोटा यूपीएस मिळतो. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचा. बहुतेक 12 व्होल्टचे असतात, अँपिअर मात्र वेगवेगळे. इन्व्हर्टर असेल तर फारच छान, राउटर जेमतेम दहा-पंधरा वॉट खातो. विजा चमकायला लागल्या की मात्र प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढा. मे आणि ऑक्टोबरमध्ये तर अजिबात हयगय नको.

एवढं करूनही लाईन जाईल, म्हणून दुसरी वाट आधीच हवी. दुसऱ्या कंपनीची फायबर त्याच खांबांवरून येत असेल तर ती दुसरी वाट नव्हे. मोबाइलचं सिम ठेवा, तेही फायबर ज्या कंपनीची त्या कंपनीचं नको. एकाच तुटलेल्या केबलने तुमचं घर आणि तिचा टॉवर, दोन्ही बंद पडू शकतात. कोणत्या सिमला घराच्या कुठल्या कोपऱ्यात रेंज येते ते फिरून बघा. व्हिडिओ कॉलला तासाला एक-दोन जीबी लागतात, तेव्हा रोजच्या दीड जीबीचा प्लॅन पहिल्या मीटिंगलाच संपतो आणि वेग 64 केबीपीएसवर येतो. डेटाचं जादा पॅक कुठलं घ्यायचं ते आधीच पाहून ठेवा. गणपतीत चाकरमानी आले की टॉवरवर गर्दी होते, त्या आठवड्यात सिमवर विसंबू नका. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडे वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद होते. तशा वेळी कुठल्याही वाटेचा उपयोग नसतो, म्हणून वादळाचा इशारा आला की साहेबांना आधी कळवा आणि हातातल्या फायली लॅपटॉपवर उतरवून घ्या.

पैशांचं थोडक्यात. जाहिरातीतल्या दरावर 18 टक्के जीएसटी लागतो, 599 चे 707 होतात. जोडणी फुकट म्हणून वर्षाचे पैसे आधी भरू नका. पावसाळ्याचा एक महिना बघा, मग भरा. दर तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येतं, आणि ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. ऑफिसच्या व्हीपीएनला, म्हणजे ऑफिसशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीला, स्थिर आयपी (न बदलणारा नेटचा पत्ता) लागतो का, हेही आयटीवाल्यांना विचारून घ्या. लागत असेल तर त्याचे पैसे वेगळे.

सगळं बसलं की कामाच्या एखाद्या निवांत दिवशी रंगीत तालीम करा. सहकाऱ्याबरोबर कॉल चालू असताना घराचा मेन स्विच बंद करा आणि राउटर यूपीएसवर तगतो का बघा. मग पेटीची फायबर काढा, मोबाइलचं हॉटस्पॉट सुरू करा आणि आवाज परत यायला किती वेळ लागला ते बघा. हॉटस्पॉटचा पासवर्ड लॅपटॉपमध्ये आधीच घातलेला असू दे, आणि लाईनमनचा नंबर पेटीशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे तुम्ही कॉलवर असताना घरातलं कोणीही त्याला फोन लावू शकेल.