फोटोवरून रंगवलेल्या दाम्पत्याच्या चित्रावर अभिप्राय कसा घ्यावा

आईवडिलांच्या लग्नाला 50 वर्षे होत आली, की जुन्या फोटोवरून दोघांचे एकत्र चित्र करून द्या, अशी मागणी गावातल्या चित्रकाराकडे हमखास येते. चित्र पूर्ण करून दाखवले तर पाहणारा ‘छान झाले’ एवढेच म्हणतो, कारण आता फारसे काही बदलणार नाही हे त्यालाही कळत असते. म्हणून पहिला अभिप्राय रेखांकनावरच घ्यावा. दोन्ही डोक्यांची उंची, खांद्यांमधले अंतर आणि मानांचा कल या गोष्टी त्या टप्प्यावर खोडरबराने सुधारतात. तैलरंगात त्यासाठी चेहरा खरवडावा लागतो.

चेहरेपट्टी जुळते का, हे नणंद, भाचा किंवा रोज भेटणारा शेजारी यांना विचारावे, प्रत्यक्ष त्या दोघांना शक्यतो नाही. माणूस स्वतःचा चेहरा आरशात, म्हणजे उलटा, पाहत आलेला असतो, त्यामुळे अचूक चित्रही त्याला परके वाटू शकते. छायाप्रकाश आणि प्रमाण यांसाठी मात्र जाणकार हवा. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवणारे शाळेतील कलाशिक्षक, तालुक्याच्या गावातील जुने पेंटर किंवा नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकलेले कोणी ओळखीचे असल्यास त्यांना गाठावे.

‘कसे झाले?’ असे विचारू नये. आधी फोटो बाजूला ठेवून ‘दोघांपैकी कोण वयाने जास्त दिसते? उजेड कोणत्या बाजूने येतो आहे?’ असे विचारावे आणि नंतरच फोटो शेजारी धरावा. दोघांचे फोटो वेगवेगळे असतील, तर उजेडाचा प्रश्न टाळूच नये, कारण एकाच्या नाकाची सावली डावीकडे आणि दुसऱ्याची उजवीकडे पडली, की शेजारी बसवलेली माणसे एकत्र बसल्यासारखी वाटत नाहीत. मूळ फोटो मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला असेल, तर तो उलटा तर नाही ना, हे पदर कोणत्या खांद्यावर आहे त्यावरून तपासावे. घरच्यांना ‘काहीतरी चुकते आहे’ असे वाटण्यामागे कधी कधी एवढेच कारण असते.

परगावच्या जाणकाराला चित्राचा फोटो पाठवताना चित्र ओसरीच्या सावलीत, सकाळच्या उजेडात उभे करावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यातील थेट उन्हात तैलरंग चमकतो आणि रंग पांढरट दिसतात. मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर सरळ धरावा, थोडे लांब उभे राहावे आणि मूळ फोटोही सोबत पाठवावा.

मिळालेला प्रत्येक उपाय मानण्याची गरज नाही, परंतु दाखवलेली जागा मात्र गंभीरपणे पाहावी. दोघातिघांनी ‘नाक लांब झाले’ म्हटले, तर नाक बरोबर असून डोळेच वर सरकलेले असू शकतात. डोळ्यांची रेषा डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येते, ती मोजून पाहावी. ‘आईला थोडे गोरे करा’ ही सूचना बहुतेक घरांतून येते आणि माझ्या मते ती नम्रपणे नाकारावी, कारण उन्हातान्हात राबलेल्या चेहऱ्याचा रंग बदलला, की ओळखही जाते. वाटल्यास सावलीतला काळपटपणा कमी करून तिथे उबदार तपकिरी छटा द्यावी, कारण फोटोत सावल्या प्रत्यक्षाहून काळ्या उतरतात.

तैलचित्रावर वॉर्निश लावण्यापूर्वी साधारणपणे 6 महिने ते वर्षभर थांबावे लागते. चित्र कार्यक्रमाला देतानाच हे घरच्यांना सांगून ठेवावे, म्हणजे भिंतीवर रोज पाहून सुचलेली एखादी बारीक दुरुस्ती वॉर्निशच्या आधी करून देता येते.