निर्वासित म्हणून परदेशी स्थायिक झालेल्या माणसानं नागपूरला कसं यावं

लग्नसराई जवळ आली की नागपुरातल्या कुठल्या ना कुठल्या घरात हा विषय निघतोच. जावई टोरांटोचा, पण मूळचा श्रीलंकेतल्या जाफन्याचा. कॅनडात निर्वासित म्हणून गेला आणि आता तिथला पीआर, म्हणजे कायमचा रहिवासी, आहे. किंवा जरीपटक्यातल्या, म्हणजे इथल्या सिंधी वस्तीतल्या, एखाद्या कुटुंबाचा पाकिस्तानच्या सिंधमधला भाचा, ज्याला कॅनडानं आश्रय दिला. किंवा गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नॉर्ग्येलिंग या तिबेटी वसाहतीत वाढलेली, फाडफाड मराठी बोलणारी तिबेटी मैत्रीण, जी आता न्यूयॉर्कला ग्रीन कार्डावर राहते. या सगळ्यांना यायचं असतं आणि सगळ्यांना कुणीतरी काहीबाही सांगून ठेवलेलं असतं. मी ही कागदपत्रं बरीच वर्षं करून देते आहे. फॉर्म भरण्यापेक्षा जास्त वेळ मला ते ऐकीव सल्ले डोक्यातून काढण्यात घालवावा लागतो.

आधी हा लेख कुणासाठी आहे ते बघा. माणसानं कॅनडाचं किंवा अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर त्याचा मार्ग वेगळा आणि सोपा आहे. त्याचा पीआर नोकरीमुळे किंवा लग्नामुळे मिळाला असेल आणि तो स्वतःच्या देशाचा पासपोर्ट बिनधास्त वापरत असेल, तरी यातलं फारसं काही लागू नाही. ज्याचा पीआर 'मला माझ्या देशात धोका आहे' या दाव्यावर उभा आहे, त्याच्यासाठी हे लिहिते आहे. आणि तो देश भारतच असेल, म्हणजे भारतात धोका आहे असं सांगून संरक्षण घेतलं असेल, तर नागरिकत्व मिळेपर्यंत भारतात येऊ नका. कॅनडाचं निर्वासितांचं ट्रॅव्हल डॉक्युमेंट, म्हणजे पासपोर्टऐवजी मिळणारी पुस्तिका, ज्या देशाविरुद्ध दावा केला त्या देशासाठी चालतच नाही. आजीची तब्येत, भावाचं लग्न, काहीही असो, माझं उत्तर तेच.

ट्रॅव्हल डॉक्युमेंट काढा. पीआर कार्ड किंवा ग्रीन कार्ड तुम्हाला त्या देशात परत घेतं. भारताचा व्हिसा त्यावर मिळत नाही. १९५१ च्या निर्वासित कराराच्या २८व्या कलमानुसार करारातले देश त्यांच्याकडच्या निर्वासितांना एक पुस्तिका देतात, ती तुमची पासपोर्टच्या जागी. कॅनडात मोठ्यांसाठी अर्जाचा नमुना पीपीटीसी १९०, अमेरिकेत आय-१३१. अमेरिकेचा अर्ज तिथे हजर असतानाच करायचा आणि बोटांचे ठसे देऊन झाल्याशिवाय देश सोडायचा नाही, नाहीतर अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

पीआर कार्डाची तारीख बघा. परतीच्या दिवसानंतरही ते काही महिने चालू असलं पाहिजे. कॅनडाच्या पीआरनं पाच वर्षांतले ७३० दिवस तिथे काढलेले असावेत, हे मोजून घ्या.

आता तारखा उलट्या मोजा. अमेरिकेचं निर्वासितांचं ट्रॅव्हल डॉक्युमेंट फक्त एक वर्ष चालतं आणि त्याला मुदतवाढ मिळत नाही. भारताला तुमच्या कागदावर सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी असते. म्हणजे हातात वर्षभराची पुस्तिका असली, तरी खरी वापरायची मुदत सहा महिन्यांची, आणि त्यातून व्हिसाला लागणारे आठवडे वजा करायचे. पुस्तिका १ जूनची असेल तर नोव्हेंबर संपायच्या आत भारतात उतरायला हवं. तुळशीच्या लग्नानंतरचे पहिले मुहूर्त जेमतेम जमतात, मे महिन्यातलं लग्न अजिबात नाही. त्यासाठी पुस्तिका डिसेंबरच्या सुमाराला हातात पडेल अशा बेतानं अर्ज करावा लागतो. घरातल्यांना माझी विनंती आहे की हॉल बुक करण्याआधी त्या माणसाला ट्रॅव्हल डॉक्युमेंटची तारीख विचारा.

व्हिसा. इथे खरी कसोटी आहे, आणि सगळ्यात घातक सल्लाही इथेच मिळतो. सुरुवातीला मलाही या टप्प्यानं घाम फोडला होता.

भारताचा ई-व्हिसा ट्रॅव्हल डॉक्युमेंटवर मिळत नाही. संकेतस्थळावर हे स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी लोक फी भरून मोकळे होतात, कारण मित्राला दोन-चार दिवसांत मिळाला होता. तो मित्र कॅनडाचा नागरिक होता. तुम्हाला नेहमीचा, कागदावर चिकटवलेला व्हिसा घ्यावा लागतो. ऑनलाइन फॉर्म भरायचा, छापून सही करायची आणि कागदांसह तिथल्या व्हिसा केंद्रात द्यायचा. भारत १९५१ च्या करारात किंवा १९६७ च्या प्रोटोकॉलमध्ये सहभागी नाही, त्यामुळे या पुस्तिकेला इथे कुठलीही खास सवलत नाही. युरोपात काही देशांनी १९५९ च्या करारानुसार एकमेकांकडच्या निर्वासितांना व्हिसा माफ केला आहे. ते वाचून कुणी 'आपल्याला व्हिसा लागत नाही' असं सांगितलं, तर ऐकू नका.

वेळ लागतो म्हटलं की कुणीतरी हळूच सुचवतं, 'अरे, श्रीलंकेचा पासपोर्ट रिन्यू करून घे ना, त्यावर ई-व्हिसा लगेच होतो.' हे करू नका. ज्या सरकारपासून संरक्षण मागितलं, त्याच सरकारच्या दारात जाऊन पासपोर्ट घेतला, की तुम्ही त्या देशाचं संरक्षण पुन्हा स्वीकारलं असं गृहीत धरलं जातं. तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं मग तुमच्यावर. कॅनडात डिसेंबर २०१२ पासूनचा कायदा असा आहे की या कारणानं निर्वासित दर्जा संपला, तर त्याच्यासोबत पीआरही जातो. स्थलांतर अपील विभागाकडे दाद मागता येत नाही, फेडरल कोर्टापर्यंत जावं लागतं. दहा-बारा वर्षं तिथे राहिलेली, कर भरणारी, मुलं शाळेत असलेली माणसंही यातून सुटत नाहीत. अमेरिकेतही आश्रय मिळालेल्या माणसानं मूळ देशाचा पासपोर्ट वापरला किंवा तो तिथे जाऊन आला, तर त्याचा मूळ दावा खरा होता का, असा प्रश्न उभा राहू शकतो. दोन आठवडे वाचवायला अख्खं आयुष्य पणाला लावायचं, असा हा सल्ला आहे. आणि तो देणारे बहुधा प्रेमानंच देतात, म्हणून तो जास्त धोकादायक.

हे सासरच्या माणसांनाही नीट समजलं पाहिजे. 'आमच्या ओळखीच्या एजंटानं करून दिलं असतं, जावईच टाळतोय' अशी बोलणी मी कानांनी ऐकली आहेत. तो टाळत नसतो. त्याचा पाय मोडला असता तर तुम्ही त्याला धावायला सांगितलं नसतं. इथे मोडलेला पाय दिसत नाही, एवढाच फरक.

आता फॉर्म. चार जागी लोक अडतात. पहिली, राष्ट्रीयत्व. इथे 'कॅनडा' किंवा 'अमेरिका' लिहायचं नाही. पीआर म्हणजे नागरिकत्व नाही. ट्रॅव्हल डॉक्युमेंटवर जे छापलं आहे तेच घाला. काही देशांच्या पुस्तिकेत खालच्या कोडच्या ओळीत 'एक्सएक्सबी' अशी अक्षरं दिसतात. ती करारानुसार निर्वासित असलेल्या माणसाची आंतरराष्ट्रीय खूण आहे, छपाईची चूक नाही.

दुसरी, दुसरा पासपोर्ट किंवा आयडेंटिटी सर्टिफिकेट (आयसी) आहे का, हा प्रश्न. नॉर्ग्येलिंगची मंडळी इथे थबकतात, कारण त्यातले बरेच जण भारत सरकारनं दिलेल्या पिवळ्या आयसीवर बाहेर गेलेले असतात. ती अजून मुदतीत असेल तर 'हो' लिहा आणि नंबर द्या. लपवलं तर भारत सरकारच्या नोंदीतच ती सापडणार आहे. मूळ देशाचा पासपोर्ट दाव्याच्या वेळी कॅनडा सरकारनं ठेवून घेतला असेल, तर सोबतच्या पत्रात तसं लिहा.

तिसरी, जन्मस्थळ. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्याआधी जन्मलेल्यांच्या कागदांवर जिल्हा भंडारा असतो आणि घरचे लोक उत्साहानं 'गोंदिया' अशी सुधारणा करतात. करू नका. पुस्तिकेत भंडारा असेल तर फॉर्मातही भंडाराच. भारतातला आजचा पत्ता लिहायच्या ठिकाणी गोंदिया लिहा.

चौथी जागा जरीपटक्यातल्या नातेवाइकांसाठी महत्त्वाची. आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का, असं फॉर्म विचारतो. उत्तर खरं द्या. पाकिस्तानी मूळ असलेल्यांना तसाही ई-व्हिसा नाही आणि त्यांची तपासणी जास्त लांबते. अर्जदार स्वतः अजून कागदोपत्री पाकिस्तानी नागरिक असेल, तर प्रश्न आणखी अवघड आहे, कारण एप्रिल २०२५ मध्ये भारतानं पाकिस्तानी नागरिकांसाठीची व्हिसा सेवा थांबवली. अशा माणसानं तिकिटाचा विचार करण्याआधी तिथल्या भारतीय दूतावासाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं. फोनवरच्या 'होऊन जाईल'वर विसंबू नये.

सोबत नागपूरच्या यजमानाचं पत्र जोडा. नातं काय, कशासाठी येणार, कुठे राहणार, किती दिवस, एवढं चार ओळींत. आधारची प्रत आणि महावितरणचं बिल लावा. फॉर्मात भारतातल्या ओळखीच्या व्यक्तीचं नाव आणि फोन मागतात. तिथे जो फोन उचलतो त्याचं नाव द्या. लग्नघरातल्या मुलीच्या वडिलांचं देऊ नका, ते कामात असतात आणि अनोळखी नंबर कापतात.

तिकीट व्हिसा आल्यावरच. आणि स्वस्ताच्या मागे लागू नका. वाटेत जिथे विमान बदलायचं, तिथले ट्रान्झिटचे नियम ट्रॅव्हल डॉक्युमेंटवाल्याला वेगळे असतात. टोरांटोचा पीआर शिकागो किंवा न्यूअर्कवरून येणारं तिकीट काढतो आणि त्याला अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा लागतो, कारण कॅनडाच्या नागरिकाची सूट त्याला नाही. युरोपातल्या विमानतळांचंही असंच बघावं लागतं. टोरांटोहून दिल्लीला किंवा न्यूयॉर्कहून दिल्ली-मुंबईला थेट यावं आणि तिथून देशांतर्गत विमानानं नागपूर, हा माझा नेहमीचा सल्ला. आखाती मार्गानं नागपूरलाच उतरायचं असेल, तर 'निर्वासितांचं ट्रॅव्हल डॉक्युमेंट' हे शब्द वापरून विमान कंपनीला लेखी विचारा आणि ते उत्तर छापून जवळ ठेवा. चेक-इनचे कर्मचारी 'टिमॅटिक' नावाच्या यादीत नियम बघतात. ही पुस्तिका त्यांच्या रोजच्या पाहण्यातली नसते, म्हणून काउंटरवर नेहमीपेक्षा तास-दीड तास आधी पोहोचा.

नागपुरात उतरल्यावर. परदेशी पाहुणा घरी मुक्कामाला आला की यजमानानं चोवीस तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, ज्याला सगळे सी-फॉर्म म्हणतात. हॉटेलवाले आपणहून भरतात. घरी उतरवलं तर ती जबाबदारी तुमची. व्हिसाच्या स्टिकरवर नोंदणीबद्दल काही छापलं असेल तर ते शब्दशः वाचा आणि त्या मुदतीत नोंदणी करून टाका. नॉर्ग्येलिंगला मुक्काम करणाऱ्यांनी निघण्याआधीच वसाहतीच्या सेटलमेंट अधिकाऱ्याशी बोलावं. मुंडगोड, बैलकुप्पे अशा तिबेटी वसाहतींत परदेशी माणसाला गृह मंत्रालयाचा संरक्षित क्षेत्र परवाना लागतो, आणि वसाहत कुठलीही असो, अधिकाऱ्याला माहीत नसताना पोहोचणं बरं नाही.

इथून पुढे कुठेही वळू नका. 'आता चेन्नईपर्यंत आलोच आहोत तर जाफन्याला आईला भेटून येऊ' हा मोह मी पुन्हा पुन्हा बघितला आहे आणि तो मला समजतो. पण मूळ देशात दोन दिवस जाणंही वर सांगितलेल्या पासपोर्टाइतकंच अंगावर येऊ शकतं. आईला नागपूरला बोलवा. तिचा पासपोर्ट आहे, तिला ई-व्हिसा मिळतो, आणि लग्नालाही ती हजर राहील. लुंबिनीला जाऊन येण्याचे बेतही तपासून घ्या, कारण व्हिसा एकदाच प्रवेश देणारा असेल तर नेपाळमधून भारतात परत येता येणार नाही.

परत जाताना पुस्तिका आणि पीआर कार्ड हातातल्या बॅगेत, दोन्हींच्या प्रती नागपूरच्या घरी. कार्ड हरवलं तर आधी पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत घ्या. मग कॅनडावाल्यांनी पीआर ट्रॅव्हल डॉक्युमेंटसाठी अर्ज करायचा आणि ग्रीन कार्डवाल्यांनी आय-१३१ए हा अर्ज. परतीचं तिकीट त्याच दिवशी पुढे ढकला, कारण हा कागद हातात आल्याशिवाय विमान कंपनी चढू देणार नाही.