पंचांची पहिली बैठक घेताना

हंगामाआधीची कबड्डी पंचांची बैठक माझ्या गळ्यात पडली तेव्हा मला शिट्टी हातात घेऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. आमच्या गटात वीस-बावीस जण. बहुतेक क्रीडाशिक्षक, दोघे यंत्रमागावर काम करणारे आणि एक आडतीवर हिशेब लिहिणारे अण्णा. "तुला मोबाईल कळतो, तूच घे," एवढ्यावर माझी निवड झाली. तुमचीही अशीच होईल, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक तारखेची. शाळा जूनमध्ये उघडतात, पावसाळा सरायच्या आत शालेय स्पर्धा लागतात, म्हणून मी जुलैतला एक रविवार धरला. तो निघाला आषाढीच्या अगदी तोंडावरचा. माळशिरसकडचे दोघे पालखीच्या मुक्कामावर सेवेला, पंढरपूरकडच्यांना घरातले पाहुणे आवरेनात. आले नऊ जण. आपल्या सोलापूर जिल्ह्यात बैठक ठेवायची तर आधी आषाढी-कार्तिकी बघायची, जानेवारीत असेल तर सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा बघायची, आणि मगच आपली सोय.

दुसरी चूक जास्त महागात पडली. मी नियमपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. मैदान तेरा बाय दहा मीटर, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती... अर्ध्या तासात मागच्या बाकावर एक जण पेंगायला लागला. शेवटी अण्णाच म्हणाले, "नियम सगळ्यांना पाठ हायेत बे. भांडण कुठं होतंय ते बोल की."

पुढच्या वर्षी पुस्तिका पिशवीतून काढलीच नाही. वर्गातली बाकं बाहेर काढली आणि फरशीवर खडूनं अर्धं मैदान आखलं. लांबी साडेसहा मीटर, ती कशीबशी बसली. रुंदी बसेना, म्हणून एकाच बाजूचं राखीव क्षेत्र, म्हणजे मैदानाच्या कडेची लॉबीची पट्टी, ठेवलं. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा, तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा, जिथं चढाई करणाऱ्याला जादा गुण मिळू शकतो. आमच्यातली एक तरुण पंच ताई चढाईला गेली, सहा जण बचावाला उभे राहिले. तिनं पुढचा पाय बोनस रेषेपलीकडे टाकला आणि झटक्यात मागे आली.

बोलायच्या आधी प्रत्येकानं चिठ्ठीवर निर्णय लिहायचा, एवढीच अट ठेवली होती. चौदा चिठ्ठ्या निघाल्या. आठ म्हणाल्या बोनस, सहा म्हणाल्या नाही. सगळे एकाच खोलीत, एकच चढाई बघत होते!

चिठ्ठ्यांची युक्ती नवीन माणसानं जरूर वापरावी. एरवी काय होतं, एखादे ज्येष्ठ सर म्हणतात "बोनस", की बाकीचे "हो सर" म्हणून मोकळे होतात. मैदानात मात्र प्रत्येक जण आपलंच खरं करतो. चिठ्ठ्या उघडल्यावरसुद्धा मी सगळ्यात लहान पंचापासून बोलायला सांगतो, ज्येष्ठांना शेवटी.

वाद होता मागच्या पायाचा. पुढचा पाय पलीकडे टेकला त्या क्षणी मागचा हवेत असला तरच बोनस, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण 'नाही' म्हणणारे सहाच्या सहा मध्यरेषेच्या बाजूला उभे होते. तिथून ताईच्या पाठीआड पाय दिसतच नव्हता. म्हणजे चूक नियमाची नव्हती, उभं राहायच्या जागेची होती. मग तासभर आम्ही फक्त चाललो. चढाई करणारा आत गेला की बाजूच्या पंचानं त्याच्याबरोबर सरकायचं आणि बोनस रेषेच्या सरळ रेषेत यायचं. पन्नाशीतल्या माणसांना वर्गात कडेकडेनं पळताना बघून शाळेचे शिपाई मामा दारात उभे राहून हसत होते.

राखीव क्षेत्राचा प्रश्न लवकर मिटला. स्पर्श होण्याआधी तिथं पाय पडला की बाद, झटापट सुरू झाली की ते मैदानातच धरायचं. बोनस घेऊन चढाई करणारा पकडला गेला तर दोन्ही संघांना एकेक गुण, यावरही कुणी हरकत घेतली नाही. तिसऱ्या चढाईचा नियम (सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण मिळवायचाच, नाहीतर बाद) लावायचा की नाही, हे मात्र आयोजकांना आधीच विचारायचं असं ठरलं. 2014 पासून टीव्हीवर प्रो कबड्डी दिसते, त्यामुळे गल्लीतल्या स्पर्धेतही पोरं तिथलेच नियम धरतात, हातानं चौकोन करून रिव्ह्यू, म्हणजे निर्णयाची फेरतपासणी, मागतात.

भाषेचा मुद्दा आमच्याकडचाच. सोलापूर शहराच्या पूर्व भागात कर्णधार तेलुगूत तक्रार करतो, अक्कलकोटकडे कन्नडमध्ये. आधी हातानं खूण, मग गुण, मग गरज पडली तरच बोलणं. दोन पंचांचं जुळलं नाही तर सरपंचाकडे, म्हणजे सामन्याच्या मुख्य पंचाकडे, बघायचं, एकमेकांवर ओरडायचं नाही.

पैशाचा विषय लोक संकोचानं शेवटी ढकलतात आणि मग तो चहाच्या टपरीवर निघतो. मी तो मधेच घेतो, सगळे जागे असताना. एका आयोजकांनी आम्हाला दिवसाचं मानधन कबूल करून रात्री सामन्याच्या हिशेबानं पैसे दिले होते. तेव्हापासून दर, प्रवासखर्च, जेवण, सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना लिहून घेतल्याशिवाय नेमणूक करत नाही. कुणाला किती सामने दिले, तो तक्ताही भिंतीवर चिकटवतो. कुजबुज निम्म्यानं कमी झाली. पूर्ण गेली असं म्हणणार नाही.

नेमणुका करताना जुना आणि नवा अशी जोडी लावा. त्या दिवशी सगळ्या जोड्या लागल्या, सरपंच ठरले, गुणलेखक ठरले. राहिलं तीस सेकंदांचं घड्याळ. चढाईची वेळ मोजायची, दोन्ही बाजूंच्या शिव्या खायच्या आणि नाव कुठंच यायचं नाही, त्यामुळे सगळे फरशीवरच्या खडूकडे बघायला लागले. पहिल्या सामन्याला ते घड्याळ घेऊन मीच टेबलावर बसलो.