गारेच्या गोट्यातून दगडी पातं कसं काढायचं

कोल्हापूरच्या आसपास काळ्या पाषाणाला तोटा नाही, पण पात्यासाठी तो चिवट पडतो. जांभ्याचा तर विचारच नको. हवी ती याच काळ्या खडकाच्या पोकळ्यांत तयार झालेली गार, म्हणजे कॅल्सेडनी किंवा अकीक. नदीच्या गोट्यांत शोधा: मेणासारखी झाक, पातळ कडेतून उजेड दिसतो. निदान ७-८ सेंटिमीटरचा गोटा घ्या आणि दुसऱ्या दगडाने हलकेच वाजवा. खणखणीत वाजला तर ठेवा. बद्द वाजला तर आत भेग आहे, सोडून द्या.

ठोकायला पाव किलोचा गुळगुळीत, लांबट काळा गोटा, कड घासायला खरबरीत दगड, चप्पल कारागिरांकडून जाड कातड्याचा तुकडा, आणि लाकडी मुठीत बसवलेली ४-५ मिलिमीटर जाडीची तांब्याची कांडी. पूर्वी सांबरशिंग वापरत. आता परवान्याशिवाय ते जवळ बाळगणं गुन्हा आहे आणि तांब्याने काम चोख होतं. काम उघड्यावरच करा, चष्मा आणि धुळीचा मास्क लावून. गारेची धूळ फुप्फुसात कायमची बसते, यात हयगय नको.

गोटा फोडून एक सपाट तोंड मिळवा. तोंड आणि बाजू यांच्यातला कोन ९० अंशांच्या आत हवा, ७०-८० उत्तम. कोन ९० अंशांहून मोठा असेल तर कितीही जोर लावा, छिलका (ठोक्याने सुटणारा पातळ तुकडा) सुटत नाही, कडेचा नुसता चुरा होतो. नवखे लोक इथे जोर वाढवतात आणि चांगला गोटा वाया घालवतात. जोर नको, कड तयार करा. प्रत्येक ठोक्याआधी ती घासून बोथट करायची, कारण पातळ कड ठोका झेलत नाही.

आता बाजूवर दोन्हीकडून आळीपाळीने लहान कपच्या काढून उभा कंगोरा तयार करा. छिलका नेहमी कंगोरा धरून धावतो. कडेपासून ३-४ मिलिमीटर आत, कंगोऱ्याच्या बरोबर वर ठोका मारा. पहिलं पातं कंगोऱ्यासकट निघतं आणि त्याच्या जागी दोन नवे कंगोरे उरतात. पुढची समांतर कडांची पाती त्यांवरून निघतात. नेवासे, इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन (तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या काळातल्या) कारागिरांची पाती याच रीतीची. छिलका मध्येच पायरीसारखा तुटला, तर ठोका कमी पडला किंवा फार आत वळला. तिथेच पुन्हा मारू नका, पायरी खोल होते. उलट्या टोकाकडून छिलका काढून ती साफ करा.

टोक करायला पातं तळहातावरच्या कातड्यात घट्ट धरा. कड घासा, तांब्याची कांडी टेकवा, आधी दगडाच्या मध्याकडे दाब द्या आणि मग खाली. नुसतं खाली दाबलं तर आखूड कपच्या निघून धार जाते. टोकाजवळ दाब बुंध्याकडे तिरपा ठेवा, नाहीतर शेवटच्या कपचीला टोकच उडतं.

खाली ताडपत्री अंथरायला विसरू नका. नदीकाठी जुनी सूक्ष्मास्त्रं (अगदी लहान दगडी हत्यारं) सापडू शकतात, आणि आपला चुरा त्यांत मिसळला तर अभ्यासकांची फसगत होते. सगळ्या कपच्या गोळा करून चालू सालाच्या नाण्यासह घराजवळ पुरा, म्हणजे पुढे कुणाला सापडल्या तरी त्या जुन्या नाहीत हे कळेल.